सेमारांगचे दुगदेरान: रमजानची तारीख नगाऱ्याने सांगणारे शहर

गलबत

इंडोनेशियातल्या मध्य जावा प्रांताची राजधानी असलेल्या सेमारांग या बंदराच्या शहरात रमजानचा महिना लागण्याच्या एक-दोन दिवस आधी दुगदेरान नावाचा उत्सव होतो. मशिदीतल्या मोठ्या नगाऱ्याचा 'दुग' आणि तोफेचा 'देर' या आवाजांवरून ते नाव पडले असून त्याची सुरुवात १८८१ सालची मानली जाते. कामानिमित्त त्या शहरात काही काळ राहिल्यामुळे तो मला जवळून पाहता आला. मराठीत त्याविषयी फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

रमजानच्या स्वागताचे सोहळे अनेक देशांत होतात. कोठे घरोघरी कंदील लागतात, तर कोठे रस्त्यांवर रोषणाई केली जाते. दुगदेरानचे वेगळेपण असे की त्याच्या मुळाशी उत्सवाची हौस नव्हती, एक कारभारी अडचण होती. महिना नेमका कधी लागला हे ठरवण्याच्या जावामध्ये अनेक रीती प्रचलित होत्या. कोणी रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी पश्चिमेकडे चंद्रकोर शोधत असे, तर कोणी पिढीजात कोष्टकांवरून दिवस काढत असे, आणि त्यामुळे एकाच शहरात काही लोकांचा पहिला रोजा झालेला असताना बाकीच्यांचा शाबानच संपलेला नसे. तेव्हा राज्य डचांचे असले तरी जिल्ह्याचा देशी कारभार बुपाती या जावाई अधिकाऱ्याच्या हाती असे. सेमारांगचे तत्कालीन बुपाती आर्यो पुर्बानिंग्रात यांनी यावर असा तोडगा काढला की उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, एकत्र बसून एकच निर्णय द्यावा आणि तो सगळ्या शहराच्या कानी एकाच वेळी पडावा. कौमान मोहल्ल्यातल्या मोठ्या मशिदीचा नगारा आणि बुपातींच्या वाड्यासमोरची तोफ पाठोपाठ वाजली की लोक मधल्या मैदानात गोळा होत आणि तेथे निर्णय वाचून दाखवला जाई.

लोक गोळा होणार म्हटल्यावर विक्रेते आले, विक्रेत्यांबरोबर खेळणी आणि खाऊ आला, आणि पुढे मिरवणूक आली, असाच क्रम असावा असे मला वाटते. आज रमजानपूर्वी बरेच दिवस 'पासार दुगदेर' नावाचा बाजार भरतो आणि त्याच्या शेवटी मुख्य मिरवणूक निघते. नगरपालिकेच्या इमारतीपासून, म्हणजे बालाई कोतापासून, ती पेमुदा रस्त्याने कौमानच्या मशिदीकडे जाते. शहराचे सोळा तालुकावजा विभाग आपापले चित्ररथ पाठवतात, शाळांची ढोलपथके असतात, आणि खुद्द महापौर पारंपरिक जावाई पोशाखात घोडागाडीतून पुर्बानिंग्रातांची भूमिका वठवत जातात. मशिदीत उलेमांनी दिलेला निर्णयाचा कागद, ज्याला 'सुहुफ हलाका' म्हणतात, महापौर जावाई भाषेत वाचतात आणि मग नगाऱ्यावर टिपरी पडते. खऱ्या तोफेची जागा आता दारूकामाच्या बारांनी घेतली आहे. तेथून मंडळी मध्य जावाच्या मोठ्या मशिदीकडे जातात, जिचे उद्घाटन २००६ साली झाले, आणि तेथे प्रांताचे गव्हर्नर तो कागद स्वीकारतात.

मला चर्चा हवी आहे ती पुढच्या मुद्द्यावर. रमजान कधी सुरू होणार हे ठरवण्याचा अधिकार आता सेमारांगकडे राहिलेला नाही. जकार्तामध्ये धर्मव्यवहार मंत्रालय 'सिदांग इस्बात' नावाची बैठक घेते आणि सगळ्या देशासाठी तारीख जाहीर करते. दुगदेरानची मिरवणूक मात्र त्या बैठकीच्याही आधी, दिवसाउजेडी, वेळापत्रकाप्रमाणे निघते. जी घोषणा करण्यासाठी हा सोहळा जन्मला, ती घोषणा तो आता करतच नाही. तरीही गर्दी ओसरलेली नाही. यात नुसता रिवाज उरला आहे असे समजावे, की ज्या गरजेतून तो निघाला ती गरज वेगळ्या रूपात अजून शिल्लक आहे? माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, पण इतरांचे ऐकायला आवडेल.

दालचिनी

माहिती नवीन आणि रंजक आहे. चर्चेला मोठी मंडळी हात घालतीलच, पण त्याआधी बाजाराविषयी आणखी लिहावे ही विनंती. खेळणी कोणती असतात आणि खाऊ कोणता, याचा उल्लेख करून आपण पुढे निघून गेलात.

गलबत

दालचिनी, आपल्या नावाला शोभेल असाच पदार्थ तेथे मिळतो, त्यामुळे खाऊपासून सुरुवात करतो. 'गांजेल रेल' नावाचा तपकिरी, घट्ट, आयताकृती पाव मशिदीत लोकांना वाटला जातो. त्यात ताडगूळ आणि दालचिनी असते, वर भरपूर तीळ असतात. तो इतका दाट असतो की सुरीने कापताना चुरा पडत नाही आणि चहा किंवा पाणी सोबत नसेल तर पहिला घास घशाशी बराच वेळ रेंगाळतो. डच लोकांच्या मसालेदार न्याहारी-पावाची ही स्थानिक आवृत्ती असून गव्हाचे पीठ महाग पडे त्या काळात कसाव्याचे पीठ वापरून ती केली जाई, असे सांगतात. आकार रेल्वेच्या रुळांखाली टाकतात त्या लाकडी ओंडक्यासारखा, म्हणून हे नाव. इंडोनेशियातली पहिली रेल्वे १८६७ साली सेमारांगहूनच तांगुंगपर्यंत धावली, तेव्हा त्या शहराच्या पावाला रेल्वेचे नाव मिळाले यात आश्चर्य नाही. पावाबरोबर कुराणपठण पूर्ण झाल्यावर ठेवलेले पाणीही देतात, आणि ते घेण्यासाठी जी रेटारेटी होते ती पाहिली की मिरवणुकीतली शिस्त या लोकांनी कोठे ठेवली असा प्रश्न पडतो.

खेळण्यांमध्ये मातीची भातुकली असते आणि पत्र्याच्या होड्या असतात. होडीच्या पोटात तेलाची लहान वात पेटवली की आतले पाणी तापते आणि ती परातीत टकटक आवाज करीत गोल फिरू लागते.

सगळ्यांत मानाचे खेळणे म्हणजे 'वाराक ङेंदोग', अर्थात अंडे घातलेला वाराक. हा प्राणी कोणत्याही जंगलात सापडणार नाही. त्याचे तोंड चिनी ड्रॅगनच्या वळणाचे, जबडा उघडा, दात बाहेर आलेले. धड प्रेषितांना घेऊन गेलेल्या बुराक या दिव्य प्राण्याची आठवण करून देणारे, आणि पाय बोकडाचे. अंगभर रंगीत कागदाच्या कातरलेल्या झिरमिळ्या उलट्या लावून केलेले केस असतात आणि पायांपाशी एक किंवा अनेक अंडी ठेवलेली असतात. मुलाला हातात मावेल एवढ्या वाराकापासून चित्ररथावर बसणाऱ्या प्रचंड वाराकापर्यंत सर्व आकार असतात. चिनी, अरबी आणि जावाई अशा तीन समाजांचे ते एकत्र रूप आहे, असे सेमारांगचे लोक अभिमानाने सांगतात, आणि महिनाभर संयम पाळल्यावर मिळणारे फळ म्हणजे ते अंडे, असा अर्थ लावतात. मुळात वाराकाचे तोंड ड्रॅगनचे होते की बोकडाचे, यावर तेथल्या जाणकारांत चांगलेच वाद आहेत.

पंचांगचिकित्सक

धागा उत्तम. 'पिढीजात कोष्टके' हा उल्लेख आपण ओझरता केला आहे, पण १८८१ चा गोंधळ समजून घ्यायचा तर तोच धागा ओढावा लागेल, आणि तो आपल्या फार जवळ येतो.

जावामध्ये पूर्वी शालिवाहन शकच चालत असे. १६३३ साली जावामधल्या माताराम राज्याचे सुलतान आगुंग यांनी कालगणना बदलली. वर्ष चांद्र-सौर पद्धतीचे होते ते हिजरी या इस्लामी कालगणनेप्रमाणे निव्वळ चांद्र केले, महिने हिजरीच्या वळणाचे घेतले, मात्र शकाचा आकडा मोडला नाही. शके १५५५ चालू होते, तेच पुढे १५५६, १५५७ असे मोजत गेले. चांद्र वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे जावाई आकडा आपल्या शकाच्या पुढे पळत राहिला. २०२५ च्या गुढीपाडव्याला आपण शके १९४७ मध्ये शिरलो, तर त्याच वर्षीच्या जूनअखेर जावामध्ये १९५९ साल सुरू झाले. पावणेचारशेहून अधिक वर्षांत बारा वर्षांची आघाडी.

आता रमजानशी संबंध असा. जावाई गणनेत आठ वर्षांचे एक चक्र असते आणि त्यातली तीन वर्षे ३५५ दिवसांची, उरलेली पाच ३५४ दिवसांची धरतात. हिजरी कोष्टकात तीस वर्षांच्या चक्रात अकरा वर्षे मोठी असतात. १२० वर्षांचा हिशेब केला तर जावाई पद्धतीत ४५ दिवस वाढवले जातात आणि हिजरी पद्धतीत ४४. म्हणजे १२० वर्षांनी एक दिवस गाळला नाही तर जावाई महिना चंद्राच्या मागे पडतो. असा दिवस गाळून नवी मांडणी सुरू करण्याची प्रथा आहे, पण ती सगळेच मानतात असे नाही. सध्याची मांडणी १९३६ सालापासूनची आहे. तिच्या आधीची, 'आबोगे' नावाची मांडणी धरून बसलेले समाज बान्युमास भागात आजही आहेत, आणि त्यांचा रमजान सरकारी तारखेनंतर एखाद-दुसऱ्या दिवशी सुरू होतो. तेव्हा 'एकाच शहरात दोन रमजान' हा अडाणीपणा नव्हता. दोन्ही पक्षांची गणिते आपापल्या जागी चोख होती. आपल्याकडे एकाच घरात सासूची स्मार्त एकादशी आणि काकांची भागवत एकादशी लागोपाठच्या दिवशी येते, त्यातलाच हा प्रकार.

उंबरठा

मी मुस्लिम आहे, त्यामुळे एक गोष्ट आधी स्पष्ट करून ठेवते, कारण नंतर गैरसमज होतात. रमजानच्या सुरुवातीला मिरवणूक काढावी, नगारा वाजवावा, चित्ररथ सजवावेत असे धर्माने सांगितलेले नाही. चंद्रदर्शन झाले किंवा शाबानचे तीस दिवस पुरे झाले की महिना लागतो. त्या रात्री इशाच्या नमाजनंतर तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची जादा नमाज, सुरू होते, पहाटे सहरी, म्हणजे रोज्याआधीचे जेवण, होते आणि रोज्याची नियत केली जाते, इतकेच. बाकी सगळा त्या त्या प्रदेशाचा रिवाज आहे. धर्मात नसलेली गोष्ट धर्माच्या नावावर चढवू नये असे मानणाऱ्या लोकांना असे सोहळे पसंत नसतात, आणि इंडोनेशियातही तसे मत असणारे आहेत. त्यांच्या आक्षेपाकडे केवळ कर्मठपणा म्हणून पाहू नये. इबादतीच्या महिन्याचे दार जत्रेने उघडावे का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

तरीही मला दुगदेरानविषयी आस्था वाटते, आणि त्याचे कारण गलबत यांच्या प्रश्नातच आहे. चंद्र दिसला की नाही याची वाट पाहण्याची ती संध्याकाळ फार विचित्र असते. उद्या रोजा आहे की नाही हे ठाऊक नसते. सहरीसाठी भिजत घालायचे की नाही, घड्याळाला गजर लावायचा की नाही, इथपासून सगळे अडून राहते. घरातले कोणी गच्चीवर असते, कोणी फोनला चिकटलेले असते, आणि एका मशिदीतून होकार येतो तर दुसरीकडून अजून काही कळलेले नसते. अशा वेळी कोणीतरी अधिकारवाणीने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात 'उद्यापासून' एवढेच सांगावे, ही इच्छा किती तीव्र असते हे ज्याने ती संध्याकाळ काढली आहे त्यालाच कळेल. पुर्बानिंग्रातांना ते कळले होते.

पण सरकारने तारीख जाहीर केली म्हणजे प्रश्न मिटला, असेही इंडोनेशियात झालेले नाही. १९१२ साली स्थापन झालेली मुहम्मदिया ही मोठी संघटना खगोलगणितावरून तारीख आधीच जाहीर करते, तर १९२६ साली स्थापन झालेली नहदतुल उलमा प्रत्यक्ष चंद्रदर्शनाला महत्त्व देते. २०१४, २०२२ आणि २०२४ या वर्षी मुहम्मदियाचा रमजान सरकारी तारखेच्या एक दिवस आधी सुरू झाला. २०२३ आणि २०२५ मध्ये दोघांचा एकाच दिवशी. यासाठी कोणी कोणाला दोष देत बसत नाही, असे तेथल्या माझ्या परिचितांकडून ऐकते. १८८१ साली ज्या मतभेदासाठी तोफ लागली, तो मतभेद आज सर्वांना आधीच माहीत असतो आणि तो असतानाच सगळे एका मिरवणुकीला येतात.

तळटीप

सर्व प्रतिसाद वाचले. थोडा विरोधी सूर लावतो, तो समजून घ्यावा.

मला दुगदेरानच्या आजच्या रूपात पर्यटन खात्याचा हात स्पष्ट दिसतो. निवडून आलेला महापौर एकोणिसाव्या शतकातल्या, डच राजवटीखाली नेमलेल्या अधिकाऱ्याचा वेष घालतो. गव्हर्नर त्याच्याकडून कागद स्वीकारतो. छायाचित्रकारांसाठी सगळे थांबते. कागदावरचा निर्णय कोणाला बंधनकारक नाही. उंबरठा यांनी सांगितलेली संध्याकाळची तगमग आणि हे दृश्य यांच्यात मला काही नाते दिसत नाही, कारण ही मिरवणूक कशाचीच वाट पाहत नाही.

तुलनेसाठी कैरोचे उदाहरण घ्यावे. १८३० च्या दशकात कैरोत राहिलेल्या एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने रमजानपूर्व संध्याकाळच्या मिरवणुकीचे वर्णन करून ठेवले आहे. बाजारावर देखरेख करणारा मुहतसिब, त्याच्यामागे गिरणीवाले, भटारी, खाटीक अशा धंद्यांचे प्रमुख आणि शिपाई असा तो लवाजमा किल्ल्यावरून निघून काझीच्या कचेरीत जाई आणि तेथे थांबे. शहराबाहेर वाळवंटाकडे काही माणसे चंद्र पाहण्यासाठी गेलेली असत. चंद्र पाहिल्याची साक्ष घेऊन कोणी आला की उद्या रोजा आहे असे पुकारत मिरवणुकीच्या टोळ्या शहरभर पांगत. साक्ष मिळाली नाही तर उद्या शाबानच आहे, रोजा नाही, असे पुकारले जाई. म्हणजे मिरवणूक निघाली तेव्हा तिचा शेवट काय होणार हे कोणालाच माहीत नसे. धंदेवाले प्रमुख तेथे असण्यालाही अर्थ होता, कारण उद्यापासून शहराची भूक दिवसाऐवजी रात्री लागणार होती आणि भटारखान्याची सगळी वेळापत्रके उलटायची होती. याला मी जिवंत सोहळा म्हणेन. सेमारांगमध्ये आज आहे ती त्याची पुनर्रचना.

गलबत

तळटीप, कैरोचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो या धाग्यात आल्याबद्दल आपले आभार. पुनर्रचना हा शब्दही मला मान्य आहे. पण पर्यटन खाते या एका उत्तराने सगळे सुटत नाही.

एक तर, हा सोहळा टिकवण्यात शहराने बरेच काही गमावूनही जिद्द सोडली नाही. ज्या मैदानात लोक जमत ते मैदानच विसाव्या शतकात जोहार बाजाराच्या विस्ताराखाली नाहीसे झाले. त्या बाजाराची मुख्य इमारत १९३० च्या दशकात थॉमस कार्स्टेन या वास्तुरचनाकाराने उभारली होती आणि ती स्वतःच एक ठेवा आहे, तेव्हा ती पाडा असे कोणी म्हणणार नव्हते. बुपातींचा वाडाही गेला. नगारा आणि तोफ ज्या दोन टोकांना वाजत होत्या त्यातले एक टोक आणि मधली जागा, दोन्ही नसताना मिरवणूक चालू राहिली. २०१५ साली जोहार बाजाराला मोठी आग लागली, आणि त्यानंतरच्या पुनर्बांधणीत मशिदीसमोरचे मैदान पुन्हा मोकळे करण्यात आले. मैदान नसतानाही लोकांनी ती जागा मनातून पुसली नव्हती, म्हणूनच ते परत मिळवण्याचा विचार होऊ शकला, असे मला वाटते.

दुसरे असे की भूमिका करण्यातही फरक पडत गेला आहे. २०२३ मध्ये शहराला पहिल्या महिला महापौर मिळाल्या तेव्हा बुपातींची भूमिका कोणी करायची असा पेच उभा राहू शकला असता. प्रत्यक्षात भूमिकेचेच नाव आणि पोशाख स्त्रीरूपात बदलून घेण्यात आले आणि कागदवाचन, नगारा सगळे त्यांनीच केले. नुसत्या देखाव्यात असे बदल सहसा होत नाहीत; देखाव्याला मूळ नमुना सोडवत नाही.

राहिला वाट पाहण्याचा मुद्दा. तो मात्र मी मान्य करतो. ती तगमग आता मिरवणुकीत नाही, ती दुसरीकडे गेली आहे. ज्या मध्य जावा मशिदीत मिरवणुकीचा शेवट होतो, तिच्या आवारात ९९ मीटर उंचीचा अल् हुस्ना मनोरा आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर दुर्बिणी लावून चंद्रकोरीचा शोध घेतात. तेथून निघालेला अहवाल देशभरातल्या इतर ठिकाणांच्या अहवालांबरोबर जकार्ताला पोहोचतो. खाली नगारा वाजून गेलेला असतो आणि वर काही माणसे अजून क्षितिजाकडे डोळे लावून बसलेली असतात. फक्त त्या दोन गोष्टी एका दिवशी होत नाहीत.

दालचिनी

अंडे घालणाऱ्या बोकडपायी ड्रॅगनचे वर्णन घरी वाचून दाखवले. त्याला कागदाचे केस उलटे का लावतात, असा प्रश्न आला आहे. शिवाय चिनी, अरबी, जावाई एवढेच समाज तेथे होते का? एवढ्या जुन्या बंदरात भारतीय नसतील असे वाटत नाही.

गलबत

केसांविषयी तेथे असे सांगतात की माणसाच्या मनातल्या हावेचे ते रूप आहे आणि रोज्याने ती विंचरून सरळ करायची आहे. हा अर्थ नंतर चिकटवलेला असणे शक्य आहे. कागदाच्या झिरमिळ्या उभ्या राहिल्या की खेळणे मोठे आणि झुबकेदार दिसते, हेही कारण कारागिराला पुरेसे वाटले असेल.

भारतीय होते आणि आहेत. पेकोजान नावाचा मोहल्लाच गुजरातकडून आलेल्या खोजा व्यापाऱ्यांच्या वस्तीतून तयार झाला. तेथल्या जुन्या जामे मशिदीत रमजानभर इफ्तारसाठी 'बुबुर इंदिया', म्हणजे भारतीय पेज, शिजवतात. तांदूळ, नारळाचे दूध, आले, दालचिनी आणि इतर मसाले मोठ्या हंड्यात घालून दुपारपासून लाकडाच्या आचेवर ढवळत बसतात आणि संध्याकाळी वाडग्यांतून ओळीने मांडून ठेवतात. भारतात अशी पेज मी कोठे खाल्लेली नाही, पण तेथे ती आपल्याच नावावर आहे. वाराकाच्या अंगात मात्र भारतीय अवयव सापडलेला नाही. सेमारांगच्या एका स्नेह्यांना मी हे गमतीने बोलून दाखवले तेव्हा त्यांनी अत्यंत गंभीरपणे शेपटीचा विचार करता येईल असे सांगितले.

उंबरठा

तळटीप यांना एक पुरवणी. निर्णय कोणाला बंधनकारक नाही, हे खरे आहे. पण १८८१ चा निर्णय तरी किती बंधनकारक होता? घरात बसून कोणी आपल्या कोष्टकाप्रमाणे एक दिवस आधी रोजा धरला तर बुपाती काय करणार होते? त्यांच्या हाती आवाज होता, आणि उलेमांची सही होती. लोकांनी तो मानला, कारण आपला पक्ष बरोबर असण्यापेक्षा शेजाऱ्याबरोबर सुरुवात करणे अनेकांना अधिक मोलाचे वाटले असावे. आजही मंत्रालयाची तारीख न मानणाऱ्याला कोणतीही शिक्षा नाही. त्या अर्थाने सोहळ्याचे बळ पूर्वी जेवढे होते तेवढेच आज आहे, फार कमी झालेले नाही.

तळटीप

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो वजनदार आहे. मग माझा आक्षेप आता वेळेपुरता उरतो. मिरवणूक इस्बातच्या बैठकीच्या दिवशी, सूर्यास्तानंतर का काढत नाहीत?

गलबत

कारण ती रात्र तरावीहची असते. निर्णय रात्री सातच्या सुमारास जाहीर होतो आणि लगेच मशिदी भरतात. त्या वेळी सोळा चित्ररथ आणि ढोलपथके रस्त्यावर असतील तर उंबरठा यांनी वर ज्यांचा आक्षेप सांगितला त्यांची बाजू मलाही घ्यावी लागेल. शिवाय चंद्र दिसला नाही तर एवढा लवाजमा दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा करायचा, हे शाळकरी मुलांना घेऊन शक्य नाही. कैरोच्या गिरणीवाल्यांना शाळेची परीक्षा नव्हती.

पंचांगचिकित्सक

वेळेचा विषय निघालाच आहे तर २०२६ चे उदाहरण नोंदवून ठेवतो, कारण मतभेदाचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते.

१७ फेब्रुवारी २०२६ रोजी सेमारांगला सूर्यास्त झाला तेव्हा अमावास्या अजून संपलेली नव्हती. ती सुमारे तासाभराने, स्थानिक वेळेप्रमाणे सायंकाळी सातला संपली. म्हणजे त्या संध्याकाळी कोर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. इंडोनेशिया, मलेशिया, ब्रुनेई आणि सिंगापूर यांनी मिळून ठरवलेला आणि इंडोनेशियाने २०२२ पासून लागू केलेला निकष असा आहे की सूर्यास्ताला चंद्र क्षितिजाच्या किमान ३ अंश वर हवा आणि सूर्यापासून किमान ६.४ अंश दूर हवा. त्यानुसार सरकारी रमजान १९ फेब्रुवारीला लागला. मुहम्मदियाने मात्र २०२५ पासून जागतिक हिजरी दिनदर्शिका स्वीकारली आहे. तिचा निकष आकड्याने अधिक कडक आहे, ५ अंश उंची आणि ८ अंश अंतर, पण तो पृथ्वीवर कोठेही पुरा झाला तरी चालतो. त्या दिवशी तो अलास्काकडे पुरा झाला आणि त्यांचा रमजान १८ फेब्रुवारीला लागला. सेमारांगच्या अंगणातली कोर की अलास्काच्या आकाशातली, हा प्रश्न पुर्बानिंग्रातांसमोर नव्हता.

आणखी एक योग. चिनी नववर्ष त्याच अमावास्येवर बेतलेले असते, फक्त तेथे कोर दिसण्याची अट नाही. अमावास्या संपण्याचा क्षण ज्या दिवशी येतो तोच पहिला दिवस. त्यामुळे २०२६ मध्ये चिनी नववर्ष १७ फेब्रुवारीला आणि रमजान त्याला लागून आला. पुढच्या वर्षीही असेच आहे: चिनी नववर्ष ६ फेब्रुवारी २०२७ रोजी, आणि रमजान ८ फेब्रुवारीच्या आसपास.

दालचिनी

म्हणजे २०२७ मध्ये गेले तर दोन्ही पाहता येतील?

गलबत

येतील. चिनी मोहल्ल्यातला, पेचिनानचा, नववर्षाचा रात्रबाजार सणाच्या आधीच्या संध्याकाळी भरतो, आणि दुगदेरानची मिरवणूकही त्याच आठवड्यात येईल असा अंदाज आहे. नेमका दिवस नगरपालिका थोडे आधी जाहीर करते, त्यामुळे विमानाची तिकिटे दोन-तीन दिवसांची मोकळीक ठेवून काढावीत. बालाई कोतापाशी उभे राहिल्यास चित्ररथ सावकाश पाहता येतात; नगारा ऐकायचा असेल तर मिरवणूक निघण्याआधीच कौमानला जाऊन मशिदीच्या पायऱ्यांपाशी जागा धरावी, कारण नंतर आत शिरता येत नाही. फेब्रुवारी तेथे ऐन पावसाळ्याचा असतो, छत्री सोबत असू द्यावी. वाराक विकत घेतल्यास त्यासाठी वेगळी कडक खोकी मागून घ्यावी. कागदाचे केस एकदा भिजले की पुन्हा उभे राहत नाहीत.